काचेच्या पेटीची पारख

माझ्या दुकानात मागच्या फळीवर एक कॉम्प्युटर पडून आहे. एका बाजूला काच, पुढं तीन पंखे, आत मदरबोर्ड, प्रोसेसर, सगळं जागच्या जागी बसवलेलं. फक्त ग्राफिक्स कार्डाची जागा रिकामी. गिऱ्हाईक येतं, बोट दाखवतं, "हे विकायचं हाय का?" म्हणून विचारतं. मी नाही म्हणतो. एकदोघांनी फारच लावून धरलं तेव्हा त्यांच्यावर खेकसलो. खेकसण्यासारखं त्यांनी काही विचारलं नव्हतं, पण माझा स्वभावच तसा, आणि या वर्षात तर फारच झालाय.

दुकान मालेगावला, बसस्टँडजवळ. वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव; नाशिककडचं नव्हे, हे बाहेरच्या माणसाला दर वेळी सांगावं लागतं आणि दर वेळी मला राग येतो. वीसेक वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. जोडीला झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म. माझा मोठा भाऊ मेडशीला राहायचा. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, मला शिकवलं ते त्यानंच, म्हणून मी त्यांना 'भाऊ' आणि 'तुमी' असंच म्हणत आलो.

भाऊंची शेती बेताची, सोयाबीन आणि तूर. पण आजूबाजूच्या गावांत त्यांना ओळखायचे ते बैलाचे पारखी म्हणून. कुणाला जोडी घ्यायची असली की बाजाराच्या दिवशी सकाळीच तो माणूस भाऊंच्या दारात हजर. भाऊ पैसे घेत नसत. बाजारात एक चहा, आणि घरी बैलाला ओवाळलं की त्या ताटातला गुळाचा खडा, एवढ्यावर खूष. लहानपणी मी त्यांच्या मागं मागं जायचो. ते बैलाच्या तोंडात हात घालून दात बघायचे, खुरं उचलायचे, वशिंडावर थाप मारून चालवून बघायचे. पण त्याच्याही आधी घेणाऱ्याला एक गोष्ट विचारायचे. "कोनाच्या दावनीले जाऊन राह्यला हा बैल?" त्याला धरणार कोण, म्हातारा की तरणा, जमीन कशी, खायला कोण घालणार, हे कळल्याशिवाय ते दाताला हात लावत नसत.

आणि भाव कधी तोंडानं बोलायचा नाही. बैलबाजारातला रिवाजच तसा. घेणारा आणि देणारा हातात हात घेणार, वरून दुपट्टा टाकणार, आणि दुपट्ट्याखाली बोटं दाबून आकडा सांगणार. एक बोट म्हणजे एक हजार का दहा हजार, ते समोरचा बैल पाहून त्या दोघांना समजलेलं असायचं. तोंडं मात्र कोरी. भाऊ तर त्या वेळी भलतीकडेच बघत, जणू पलीकडच्या गाडीत काय भरून राह्यले हीच त्यांना काळजी. बाजूला उभ्या माणसाला काही म्हणता काही कळत नसे.

आणखी एक नियम होता त्यांचा. पहिल्याच बाजारात बैल घ्यायचा नाही. बघायचा, नाक मुरडायचं, पाठ फिरवून चालू लागायचं. देणारा मागून हाक मारतोच. नाही मारली तरी पुढच्या बाजारात तोच बैल एक बोट खाली आलेला असतो. मी स्वतः कितीदा हे बघितलं होतं. बघितलं होतं म्हणूनच तर माती खाल्ली.

भाऊंना एकच मुलगा. तो बारावीला असताना मीच त्याला एक कॉम्प्युटर जोडून दिला होता. पोरगं त्याला जे चिकटलं ते उठेचना. दिवसभर गेम. चाचणीत मार्क घसरले तसा भाऊंचा पारा चढला. एक दिवस ते मशीन वाकळीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन माझ्या दुकानात आले. "हे ठेव तुह्यापाशी. पोट्टं वाया जाऊन राह्यलं." मी काय म्हणावं? "बरं केलं भाऊ." आणि आठ दिवसांत एका टायपिंगवाल्याला विकून मोकळा झालो. पुतण्या आला तो दहाव्या दिवशी. रिकाम्या फळीकडं बघत म्हणाला, "काका, माह्या फाइली तरी काढून ठेवाच्या होत्या." त्यानं त्यात स्वतःचा एक छोटा गेम बनवायला घेतला होता म्हणे. मी सगळी डिस्क पुसून टाकली होती.

त्यानंतर बापलेक कितीतरी महिने एकमेकांशी बोलले नाहीत. पुढं बोलणं सुरू झालं ते वैनीमार्फत. 'तुह्या बाबाले सांग', 'तुह्या पोराले सांग', असं. पोरगं शिकलं, पुण्याला गेलं, आणि आज गेम बनवणाऱ्या कंपनीतच नोकरी करतं. ज्या गोष्टीपायी तो वाया जाणार होता त्याच गोष्टीचा त्याला पगार मिळतो. भाऊ गावात सांगताना 'आमचा पोरगा कॉम्प्युटरचं काम करते' एवढंच सांगायचे. गेम हा शब्द त्यांच्या तोंडून मी परत ऐकला नाही. आपलं चुकलं हे त्यांना कळलं होतं. ते म्हणायचं कसं तेवढं त्यांना येत नव्हतं. पुतण्याचा फोन आला की वैनी स्पीकर लावायच्या आणि भाऊ शेजारी बसून, काहीतरी निवडत-टिपत, ऐकत राहायचे.

गेल्या दसऱ्याच्या आधी भाऊ सकाळच्या पहिल्या गाडीनं दुकानात आले. चहा मागवला तर प्यायले नाहीत.

"काल पोराचा फोन आल्ता तुह्या वैनीले. दिवाईनंतर एक महिना घरून काम करू देते म्हने कंपनी. वैनी म्हने, मंग ये ना इकडे. तर तो म्हने, आई, तिथं राहून करू काय, माह्यं काम चालन असं मशीन तिथं कुठी हाय?" भाऊ थांबले. दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "बरोबर हाय त्याचं. होतं मशीन. म्याच नेलं."

मी चहाचा कप त्यांच्याकडं सरकवला.

"तसंच मोठं मशीन घ्यायचं. गेमचं. वाशीमले तयार भेटते म्हने. तू चाल संगं, पारख तू कर. मी बैलाचे दात पाहतो, तू त्याचे पाह्य." मग उठता उठता म्हणाले, "त्याले सांगू नको. आल्यावर पाह्यन. महिनाभर राह्यन मंग."

एवढं सगळं मला माहीत होतं. कोणासाठी, कशासाठी, कधीपर्यंत, सगळं. मला काही कळलंच नव्हतं असं म्हणायला मला जागा नाही.

वाशीमचं ते दुकान नवीन होतं. थंडगार, जांभळे दिवे, भिंतीला काचेच्या पेट्या लावलेल्या. मालक तिशीतला, त्याच्या वडिलांचं त्याच जागी घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. भाऊंनी बाहेर चपला काढल्या. मी म्हटलं, भाऊ, राहू द्या, तर म्हणाले, "असू दे बे."

मशीन समोर आलं. तयार, जोडलेलं, चालू. भाव पंच्याऐंशी हजार. काचेआड पंखे रंग बदलत फिरत होते. भाऊ गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि आत बघत राहिले. मी मात्र अंगात आल्यासारखा सुरू झालो. काच उघडायला लावली. सगळ्या भागांना वीज पुरवणारा सप्लाय बाहेर ओढायला लावला, त्यावर कुठल्याच धड कंपनीचं नाव नाही. रॅमच्या दोन पट्ट्या पाहिजेत तिथं एकच. मदरबोर्ड सगळ्यांत हलक्यातला. प्रोसेसर चांगला, त्याला नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्याबद्दल मी बोललोच नाही. कार्ड मधल्या दर्जाचं. पंख्यांचे दिवे तेवढे फर्स्टक्लास. मोबाइल काढून एकेका भागाची किंमत मांडली, बेरीज केली आणि स्क्रीन मालकाच्या नाकासमोर धरली. एकाहत्तर हजार. "चौदा हजार कशाचे घेता, दिव्यांचे?"

काय मजा आली होती मला! वीस वर्षं लोकांचे प्रिंटरचे कागद अडकलेले काढणारा माणूस मी. त्या दिवशी भाऊंसमोर मी पारखी होतो.

तो मालक पोरगा भला होता. चिडला नाही. "साहेब, तुमचा हिशोब बरोबर हाय. पन पार्ट पार्ट जोडून पाहून राह्यले तुमी. हे मी जोडलं, दोन दिवस चालवून पाह्यलं. तीन वर्षं काई झालं तर मी सोता मेडशीले येतो. त्याचं काई नाई का? अन् आज उचला, आज चालू."

'आज' हा शब्द मी ऐकलाच नाही. चौदा हजारांनी माझे कान भरले होते.

तेवढ्यात भाऊ पुढं झाले. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, उजवा हात मालकापुढं केला आणि हातावर दुपट्टा टाकला. सौदा करायला. मालकाला काहीच कळलं नाही. त्यानं हसून दुपट्ट्यासकट हात हातात घेतला, हलवला, आणि म्हणाला, "बसा ना काका, पानी घ्या." काउंटरवरची पोरगी तोंड फिरवून हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी भाऊंचा दंड धरून हळूच ओढलं, "भाऊ, इथं तसं नसते." त्यांनी हात मागं घेतला. दुपट्टा नीट घडी करून खांद्यावर ठेवला. किती बोटं दाबणार होते, कोण जाणे. पंच्याऐंशीच दाबणार असतील, असं मला आता वाटतं.

मी डोळ्यांनी खूण केली, चला. ते हलले नाहीत. एक हात त्या काचेवर ठेवून उभे होते.

"घेऊन टाकू का बे?"

आणि मी, मोठा शहाणा, त्यांचंच त्यांना शिकवलं. "भाऊ, पहिल्या बाजारात बैल घेता का तुमी?"

ते जरासं हसले. काचेवरचा हात काढला. "नाई घेत," म्हणाले. आम्ही चपला घालून बाहेर पडलो. मी मुद्दाम हळू चालत होतो, मागून हाक येईल म्हणून. वळणापर्यंत गेलो, रसवंतीपाशी थांबलो. हाक आली नाही. मागं बघितलं तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला तीच पेटी दाखवत होता.

एसटीत मी भाऊंना समजावलं. "याच्यापेक्षा भारी मशीन मी एकाहत्तरात जोडून देतो. सप्लाय चांगला टाकतो. दिवाळीले वीस-बावीस दिवस हायेत, लय झाले." भाऊ म्हणाले, "तू म्हनशीन तसं. तुले समजते त्यातलं."

पेटी आली, मदरबोर्ड आला, प्रोसेसर आला, सप्लाय तर नंबर एकचा आला. मी पेटीवर चिठ्ठी चिकटवली, 'मेडशी'. दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक मशीनवर गावाची चिठ्ठी लावायची सवयच आहे. आणि मग रॅमचे भाव चढायला लागले. तिकडं कुठंतरी मोठमोठ्या कंपन्या सगळी मेमरी उचलून नेत होत्या म्हणे. आज आहे तो भाव उद्या नाही. इकडं सोयाबीनला कोणी विचारत नव्हतं आणि दोन बोटांएवढ्या पट्टीचा भाव मात्र भडकत होता. शहाण्या माणसानं पहिल्याच दिवशी घेऊन ठेवली असती. मी थांबलो. उतरेल म्हणालो. चार दिवसांनी आणखी चढला, तेव्हा दात-ओठ खात एकच पट्टी घेतली, ज्या एका पट्टीवरून मी त्या मालकाला भर दुकानात झापलं होतं.

कार्डाचं तर विचारूच नका. जे ठरवलं होतं ते संपलं. दुसरं मागवलं, ते दिवाळीच्या गर्दीत कुठल्या गोदामात अडकलं देव जाणे. मोबाइलवर रोज तेच, 'तुमचं पार्सल वाटेत आहे'. शेवटी नाक मुठीत धरून वाशीमच्या त्या मालकाला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, ते तर तुमी गेले त्याच दिवशी गेलं. आता नवीन देतो, पन अठ्ठ्यान्नव लागन. माह्याच हातात नाई." मी फोन ठेवून दिला. अठ्ठ्यान्नव! तेव्हा पंच्याऐंशीला नाही म्हणून आता अठ्ठ्यान्नव द्यायचे? भाऊंना काय तोंड दाखवू? त्या फोनबद्दल मी भाऊंना सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तेव्हाच पैसे काढून दिले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

भाऊ एक दिवसाआड फोन करायचे. "झालं का?"

"कार्ड यायचं हाय, भाऊ."

"बरं."

त्या 'बरं'चा आवाज दर वेळी थोडा खाली यायचा. मी मात्र त्यांना कार्ड म्हणजे काय ते समजावून सांगत बसायचो, जसं काही त्यांना तेच हवं होतं.

लक्ष्मीपूजनाला पुतण्या आला. पाडव्याला मी बायको-मुलांसह मेडशीला जेवायला गेलो. पुढच्या खोलीत खिडकीखाली एक नवीन टेबल होतं. भिंतीवर विजेचं नवीन बोर्ड, सहा-सहा बटणांचं. पाठीला टेकायची खुर्ची. टेबलावर वैनींनी चकल्यांची ताटं मांडून ठेवली होती. पुतण्या म्हणाला, "हे टेबल कायले आनलं, आई?" वैनींनी भाऊंकडं बघितलं. भाऊंनी माझ्याकडं. मग म्हणाले, "असंच. कागदपत्र ठेवाले."

मी चिवडा खात होतो. खातच राहिलो. तेव्हा सांगून टाकायला पाहिजे होतं. 'पोरा, तुह्यासाठी मशीन बनवून राह्यलो, आठ दिवस थांब.' एवढे सात-आठ शब्द. पण भाऊ म्हणाले होते सांगू नको, आणि अर्धवट मशीनची गोष्ट सांगायची मला लाज वाटली. चौथ्या दिवशी पुतण्या गेला. भाऊ त्याला स्टँडवर सोडायला गेले होते, असं वैनींनी फोनवर सांगितलं. नंतर आठ दिवसांनी कार्ड आलं. चुकीचं आलं. मी परत पाठवलं आणि मग घाई कशाची, म्हणून नवीन मागवलंच नाही. भाऊंनीही फोन करणं सोडलं होतं.

तुरीच्या कापणीत भाऊ गेले. शेतात दुपारची भाकर खाऊन तुरीच्या गंजीला टेकून बसले ते उठलेच नाहीत. मजूर बायांना वाटलं, डोळा लागला. मला फोन आला तेव्हा मी एकाचा कीबोर्ड साफ करत होतो. तो कीबोर्ड हातात घेऊनच मी स्टँडपर्यंत पळत गेलो, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

पुतण्या दुसऱ्या दिवशी पोचला आणि तेरवीपर्यंत राहिला. भाऊंना तो महिनाभर हवा होता. मिळाले तेरा दिवस, तेही असे. दहाव्या दिवसानंतर कंपनीचे फोन यायला लागले, तसा त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि खिडकीखालच्या त्या टेबलावर, त्या खुर्चीत बसून काम करू लागला. त्या नवीन बोर्डाला वायर लावून. मी दारातून बघितलं आणि तसाच मागं फिरलो. 

तेरवी झाली. परवा जायचं म्हणून तो दुकानात आला. मृत्यूच्या दाखल्याच्या आणि सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढायच्या होत्या. मी मशीनमध्ये कागद घातले. तो उगाच इकडं तिकडं बघत होता, आणि त्याची नजर मागच्या फळीवर गेली. जवळ जाऊन काचेतून आत बघू लागला. गुडघ्यावर हात ठेवून, वाकून. अगदी तसाच. माझा हात कागदावरच राहिला.

"मस्त जोडून राह्यले, काका. सप्लाय तर एकदम भारी. पन रॅम एकच काहून?"

"भाव चढले ना."

"हो, आता तर वेडेपना चालू हाय. या भावात कोनी जोडून घेऊ नये. रेडिमेड घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं गिऱ्हाइकाले. दसऱ्याच्या टायमाले तर चांगले भेटत होते."

"वाशीमले होतं एक," मी म्हणालो. प्रोसेसर कुठला, कार्ड कुठलं, सगळं सांगितलं. "पंच्याऐंशी म्हने. मी एकाहत्तर काढले होते."

त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. त्याचा तो धंदाच. "पंच्याऐंशी? मंग घेऊन टाकायचं ना, काका! वर्थ होतं. तीन वर्षांची गॅरंटी, अन् त्याच दिवशी चालू." मग सहज विचारलं, "कोनासाठी बनवून राह्यले?"

दाताला हात लावायच्या आधीचा प्रश्न. भाऊंचा. त्याची नजर चिठ्ठीवर गेली, 'मेडशी'. गावात असं मशीन घेणारं कोण आहे, असा विचार करत तो क्षणभर उभा राहिला. मग त्याला ते टेबल आठवलं असावं.

"बाबानं?"

मी मान हलवली.

भाऊ बसायचे त्याच स्टुलावर तो बसला. झेरॉक्सचा दिवा कागदाखालून एकदा इकडून तिकडं गेला.

"मशीनचं मी असंच बोललो होतो, काका," तो म्हणाला. "माह्यं काम लॅपटॉपवर चालते. सावकाश चालते, पन चालते. आई ये ये म्हनत होती, बाबा बाजूलेच बसून असतीन हे मले ठाऊक होतं. एकदा त्याईनं म्हनाव, ये बा म्हनून. एवढंच पाह्यजे होतं मले. म्हनून मशीनचं बोललो. दिवाईतबी वाट पाह्यली. थांब म्हनले असते तर थांबलो असतो. बॅग आनलीच होती मी महिन्याची."

"म्हनले नाईत?"

"नाई." तो आपल्या उजव्या हाताकडं बघत होता. "स्टँडवर आले होते सोडाले. गाडी लागली, तसा माहा हात हातात घेतला अन् वरून दुपट्टा टाकला. मले वाटलं थंडी वाजून राह्यली असन त्याईले. मंग माही दोन बोटं दाबली. लय जोरात. मी पाह्यलं त्याईकडे, तर ते दुसरीकडेच पाहून राह्यले होते, मानसं चढून राह्यले होते तिकडे. मी म्हनलं, येतो बाबा. तरी सोडत नव्हते. कंडक्टर ओरडला तवा सोडला." त्यानं मान वर केली. "काका, तुमी तर जात होते ना त्याईच्या संगं बाजारात. दोन म्हंजे काय असते?"

भाऊंबरोबर मी किती बाजार केले त्याची गणती नाही. मला सगळी बोटं येतात. दोन म्हणजे दोन. पण कशाचे दोन, ते सौदा करणाऱ्या दोघांनाच माहीत असतं, आणि त्या दोघांतला एक मला विचारत होता.

"दोन दिवस," मी म्हणालो. "अजून दोन दिवस थांब, म्हने तुले."

तो मान हलवत राहिला. कितीतरी वेळ नुसती मान हलवत राहिला. मग उठला, कागद गोळा केले, ते टेबलावर आपटून सरळ केले आणि झेरॉक्सचे किती झाले म्हणून विचारलं, तसा मी त्याच्यावर खेकसलो.